पद्मिनी तापली की बंद पडते, गार झाली की चालू होते: व्हेपर लॉक म्हणण्याआधी हे बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी घरी उभी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला ही तक्रार येतेच. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू, गावातल्या गावात मस्त पळते, आणि मग दुपारच्या उन्हात वीस-पंचवीस किलोमीटर झाले किंवा घाट लागला की आधी धक्के मारायला लागते, मग पिकअप जातो, मग बंद. सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी घेत नाही. बोनेट उघडून अर्धा तास रस्त्याकडेला उभं राहिलं की काही झालंच नाही अशी चालू होते आणि पुढं दहा-पंधरा किलोमीटरवर परत तेच. पुण्याहून साताऱ्याकडं येताना खंबाटकीचा चढ हा तर या दुखण्याचा ठरलेला स्टॉप आहे.

कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं. व्हेपर लॉक आहे, म्हणजे पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन अडकलीय, एसी पंपावर (इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप) ओलं फडकं टाका. फडकं टाकतात, पंधरा-वीस मिनिटांनी गाडी चालू होते, आणि मग सगळ्यांची खात्रीच पटते की बघा, व्हेपर लॉकच होता. पण त्या वीस मिनिटांत फक्त पंपच गार झाला का? प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल गार झाली, कंडेन्सर गार झाला, कार्बुरेटर गार झाला, अख्खं इंजिन खाली आलं. यातलं कुठलंही एक तापून दगा देत असलं तरी गाडी अश्शीच वागणार. म्हणून थांबून चालू झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. मला हे एवढं कळकळीनं सांगावंसं वाटतं कारण व्हेपर लॉकच्या नावाखाली लोक पंप बदलतात, पाइप बदलतात, मग रेडिएटर उघडतात, हजारो रुपये जातात आणि शेवटी कंटाळून गाडी विकतात. चांगल्या चांगल्या गाड्या अशा भंगारात गेल्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे आता कुठलीच पद्मिनी पूर्ण पद्मिनी राहिलेली नाही. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट म्हणून कुर्ल्यातून निघाली, १९७४ पासून पद्मिनी नावानं विकली गेली, उत्पादन बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर पार्टची काळजी नव्हती, ऑपेरा हाउसला नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलं की काहीतरी मिळायचंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी पण रस्त्यावरून गेली. त्यामुळं आता मारुती ८०० चा अल्टरनेटर, तिचाच पंखा, कुणाची तरी कॉइल, कुणाचं तरी कार्बुरेटर असं करत करतच गाडी उभी राहते आणि त्यात चुकीचं काही नाही, माझं तर मत आहे की नीट बसवलेला मारुतीचा अल्टरनेटर मूळच्या डायनामोपेक्षा शंभर टक्के चांगला. पण तापल्यावर बंद पडणाऱ्या ज्या गाड्या मी बघितल्या त्यात बहुतेक वेळा दोष पार्टात नव्हता, दोन गाड्यांचे पार्ट जिथं एकमेकांना भेटतात तिथं होता. तर शोधायची सुरुवात तिथूनच करायची.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी बंद पडल्या पडल्या पहिल्या दोन मिनिटांत तपासायचं. गार झाल्यावर तपासून काही उपयोग नाही, तेव्हा सगळं बरोबरच दिसणार. डिकीत एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टिमीटर आणि जाड रबरी हातमोजा असू द्या. बंद पडली की गाडी कडेला घ्या, सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाते आणि प्लग भिजतात ते वेगळंच. बोनेट उघडायचं, आधी आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघायचं, मग डेल्कोच्या (डिस्ट्रिब्यूटर, जो प्लगना ठिणगी वाटतो) कॅपमधली मधली जाड वायर, म्हणजे कॉइलवरून येते ती, काढायची आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडी भागापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचं, हातमोजा घालूनच. कार्बुरेटरपासून लांब धरा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. टकटक आवाज करत निळी ठिणगी उडी मारत असेल तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडं वळा. ठिणगी नाहीच, किंवा बारीक, पिवळट-लालसर, अधूनमधून येतेय असं असेल तर पेट्रोलच्या बाजूला हातसुद्धा लावू नका.

ठिणगी मेली असेल तर पहिली कॉइल. तिला हात लावून बघा, पण जपून. चालत्या गाडीत कॉइल कोमट ते गरम असतेच, पण हात ठेववत नाही इतकी भाजत असेल तर गडबड आहे. इथं दुसऱ्या गाडीच्या पार्टचा सगळ्यात मोठा सापळा आहे. पद्मिनीत सीबी पॉइंटवालं इग्निशन, म्हणजे उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारे संपर्क, त्याला जी कॉइल लागते तिचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, म्हणजे पॉइंट जुळलेले असताना चार-साडेचार अँपिअर करंट जातो आणि तेवढा पॉइंटना झेपतो. काही गाड्यांच्या कॉइल बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर) चालायला बनवलेल्या असतात, त्या दीड ओहमच्या आसपास. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांच्या तर त्याहून कमी. दिसायला सगळ्या डबड्या सारख्याच, वर लिहिलेलं असतं १२ व्होल्ट, पट्टीत बसतात पण बरोबर. तसली कॉइल पॉइंटवर थेट लावली की दुप्पट करंट जातो. पहिले काही दिवस तर गाडी आधीपेक्षा भारी चालते, ठिणगी कडक येते, माणूस खूश, आणि मग लांबच्या पल्ल्याला कॉइल आतून तापत तापत जाते, ठिणगी मरते, पॉइंटसुद्धा जळतात. गार झाली की परत चालू.

मोजायला सोपं आहे. किल्ली बंद, कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी काढा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवा, आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती दाखवतं ते बघा, स्वस्तातल्या मीटरमध्ये ०.३-०.४ येतंच, तेवढं नंतर वजा करायचं. मग प्लस आणि मायनस टर्मिनलवर धरा. ३ च्या जवळपास आलं तर कॉइल जुळतेय. दीड आलं तर एकतर ३ ओहमवाली कॉइल आणा नाहीतर मध्ये योग्य बॅलास्ट रेझिस्टर घाला. उलटंही होतं बरं का, जुन्या गाडीतून काढलेली ३ ओहमचीच कॉइल आतून थकलेली असते, गार असताना मीटरवर बरोबर दाखवते आणि तापल्यावर तुटते, म्हणून बंद पडलेल्या क्षणीच मोजा. आणि किल्ली चालू ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तर सोडा, इंजिन बंद आणि पॉइंट जुळलेले असले की कॉइल नुसतीच भाजत राहते.

कॉइल बरोबर निघाली तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटमधली ठिणगी आवरणारी बारीक डबी. डेल्कोची कॅप काढून सेल्फ मारताना पॉइंटमध्ये मोठी ठिणगी पेटताना दिसली, पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल, तर कंडेन्सरवर संशय घ्या. हल्ली नवीन मिळणारे कंडेन्सर भरवशाचे नसतात, नवीन आहे म्हणजे चांगला असं धरून चालू नका, ज्याच्यावर लांब गाडी चालवून बघितलीय असा एक जुना जपून डिकीत ठेवा. डेल्कोच्या आत एक बारीक मऊ वायर असते, पॉइंटकडं जाणारी, ती अ‍ॅडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ मागंपुढं होते तेव्हा) हलत राहते आणि वरचं आवरण शाबूत असताना आतली तार तुटते, ती बोटानं हलकी ओढून बघा, रबरासारखी लांबली तर गेली.

आणि व्होल्टेज. हे कुणीच बघत नाही. मूळचा डायनामो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, त्यावर आपण मारुतीचा इलेक्ट्रिक पंखा लावतो, हॅलोजन लावतो, म्युझिक सिस्टम लावतो. ट्रॅफिकमध्ये पंखा चालू झाला की बॅटरी बसत जाते आणि कॉइलला जेमतेम दहा-साडेदहा व्होल्ट मिळतात. शिवाय जुन्या किल्लीच्या स्विचचे आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, बॅटरीवर १२.६ आणि कॉइलच्या प्लसवर १०.८ असा फरक किती गाड्यांत दिसतो. मोजताना पॉइंट जुळलेले असले पाहिजेत, उघडे असतील तर करंटच वाहत नाही आणि व्होल्टेज खोटंच बरोबर दिसतं. फरक एक व्होल्टच्या वर असेल तर कॉइलची लाइन रिलेवरून घ्या. अल्टरनेटर बसवलेला असेल तर गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवेत, येत नसतील तर आधी अर्थिंग बघा, इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी गंजलेली असते बहुतेक. आणि अल्टरनेटर लावला पण चार्जिंगची जुनी वायर तशीच ठेवली तर ती तापते, ती वायर जाडच टाकायची, डायनामोच्या चार्जिंगचा जुना कटआउट सर्किटमधून पूर्ण काढायचा.

आता समजा ठिणगी कडक निळी आहे. मग एअर फिल्टरचं डबडं काढा, कार्बुरेटरच्या तोंडात वरून बघा आणि हातानं अ‍ॅक्सिलेटरची दांडी एकदा झटक्यात दाबा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी आली पाहिजे. पिचकारी आली नाही म्हणजे फ्लोटचा डबा (कार्बुरेटरमधला पेट्रोलचा साठा) कोरडा, पेट्रोल वर येत नाहीये. पिचकारी न मारताच आत ओलंचिंब, वास मारतोय, भिंतीवरून थेंब ओघळतायत असं असेल तर उलटं दुखणं, तापलेलं पेट्रोल फ्लोटमधून उकळून खाली सांडतंय. या दोन गोष्टींचे उपाय एकदम वेगळे आहेत आणि लोक दोघांनाही व्हेपर लॉकच म्हणतात.

ओलंचिंब असेल तर रस्त्यावरचा उपाय असा की अ‍ॅक्सिलेटर पूर्ण खाली दाबून तसाच धरायचा, पंप करायचा नाही, चोक अजिबात ओढायचा नाही आणि सेल्फ मारायचा, पाच-सात सेकंदांत घेते. घरी आल्यावर कार्बुरेटरच्या खाली काय आहे ते बघा. आमच्या ओळखीतल्या एका काकांची गाडी दर उन्हाळ्यात अशी करायची. मूळचं सोलेक्स कार्बुरेटर झिजलं म्हणून त्यांनी एका गॅरेजमधून दुसऱ्या गाडीचं कार्बुरेटर बसवून घेतलं होतं. दोन्हींचे बोल्ट जुळत नाहीत म्हणून मध्ये अ‍ॅल्युमिनियमची बारा मिलिमीटरची प्लेट, लेथवर केलेली, काम इतकं सुंदर की बघत राहावं. पण मूळ कार्बुरेटरखाली जो बेकलाइटचा जाड तुकडा असतो तो या भानगडीत काढून टाकलेला. तो तुकडा नुसता जागा भरायला नसतो, खालची उष्णता वर जाऊ नये म्हणून असतो. अ‍ॅल्युमिनियम तर उष्णता अलगद वर पोचवतं. गाडी चालू असताना आत येणारं थंड पेट्रोल कार्बुरेटरला गार ठेवतं, बंद केली की खालची सगळी धग वर चढते आणि पाच मिनिटांत फ्लोट उकळतो. म्हणून त्यांची गाडी चालताना कधीच बंद पडायची नाही, चहाला थांबले की परत चालू व्हायची नाही. ही खूण लक्षात ठेवा, चालताना बंद पडणं आणि थांबून परत चालू न होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

त्यावर उपाय हायलमची, म्हणजे बेकलाइटसारखी उष्णता अडवणारी शीट. इलेक्ट्रिकल पॅनलचं सामान विकणाऱ्यांकडं तुकडा मिळतो, आठ-दहा मिलिमीटरचा घ्यायचा, कोल्हापुरात उद्यमनगरला किंवा तुमच्याकडच्या कुठल्याही लेथवाल्याकडून प्लेटच्याच मापात कापून, भोक पाडून घ्यायचा. आतलं भोक कार्बुरेटरच्या घशापेक्षा लहान राहता कामा नये. दोन्ही बाजूंना गॅसकेट, स्टड तेवढे लांब, आणि बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकदम आवळले तर हायलम चिरतं. बसवल्यावर बोनेट लावून बघा, एअर फिल्टर वर टेकत नाही ना. काकांच्या गाडीत एवढंच केलं आणि खाली पत्र्याची एक आडोशाची पट्टी लावली, तक्रार गेली.

पिचकारी येतच नसेल तर खरा व्हेपर लॉक असू शकतो, पण त्याआधी पेट्रोलच्या टाकीचं टोपण फिरवा. फुस्स आवाज करत हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर मामला तिथंच मिटला. हल्लीच्या गाड्यांच्या टाकीला हवा दुसरीकडून मिळते म्हणून टोपण घट्ट बंद असतं, आपल्या टाकीचा श्वास जर टोपणातून चालत असेल किंवा वेगळी ब्रीदरची नळी चोंदली असेल तर असलं टोपण लावल्यावर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंप ओढून ओढून थकतो. बरोबर ठरावीक अंतरावर बंद पडणाऱ्या गाडीत हे आधी बघा, फुकटातलं काम आहे.

आता खरा व्हेपर लॉक. एसी पंप इंजिनवर बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, ओढण्याच्या बाजूला दाब कमी असतो आणि दाब कमी असला की पेट्रोल लवकर उकळतं, त्यात पंप स्वतः गरम. त्यातून आता पेट्रोल पंपावर ई२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, २०२३ पासून मिळायला लागलं आणि आता जवळपास सगळीकडं तेच. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. १९८० च्या दशकातला रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सालं सुटलेली असतात, काही वेळा चीर पडते पण पेट्रोल बाहेर गळत नाही कारण तिथं ओढच असते, तिथून हवा आत जाते. तेव्हा टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉलला चालणारे, विटॉन अस्तराचे टाका, पंपाचा आतला रबरी पडदा (डायफ्रॅम) पण तसलाच. टॅक्सीतून काढलेला पंप लावला असेल तर तो पडदा हमखास तपासा, बऱ्याच टॅक्सी वर्षानुवर्षं सीएनजीवर चालल्या, त्यात पेट्रोल फिरलंच नाही, पडदे सुकून कडक झालेले असतात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, मग गाडी चालवू नका. पाइप सायलेन्सरच्या नळीपासून आणि मॅनिफोल्डपासून चांगला चार बोटं लांब बांधून घ्या.

एवढं करूनही घाटात त्रास असेल तर मागं टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. ढकललेलं पेट्रोल दाबाखाली असतं म्हणून सहजी उकळत नाही. पण हात जोडून सांगतो, मारुती किंवा कुठल्याही एमपीएफआय, म्हणजे कार्बुरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप लावू नका. त्यांचा दाब अडीच-तीन बार असतो, आपल्या कार्बुरेटरच्या नीडलला (पेट्रोल अडवणारी सुईसारखी झडप) साधारण दोन-तीन पीएसआय म्हणजे ०.२ बारच्या आत पुरतो. नीडल उघडी पडते, कार्बुरेटर उतू जातो आणि खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. गाड्या यानं जळतात. कार्बुरेटरसाठीचाच कमी दाबाचा पंप, पंपाच्या अलीकडं फिल्टर, लाइनला फ्यूज आणि रिले, आणि इंजिन बंद झालं की पंप बंद होईल असा ऑइल प्रेशर स्विच, हे सगळं असेल तरच. जुना एसी पंप मग काढून तिथं प्लेट बसवा.

ठिणगी आहे, पिचकारी आहे आणि तापमानाचा काटा लाल रेषेवर असेल तर इंजिन खरंच तापतंय. मारुतीचा पंखा लावला असेल तर तो चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर कागद धरा, चिकटला पाहिजे, उडाला तर पंख्याच्या वायरी उलट्या आहेत. नवीन गाडीचं ०.९ किंवा १.१ (बारमधला दाब) लिहिलेलं रेडिएटरचं टोपण जुन्या रेडिएटरला लावू नका, सांधे सुटतात आणि पाणी कुठून जातं ते सापडत नाही. आणि थांबल्यावर चारी चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन बघा, एखादा फारच भाजत असेल तर ब्रेक धरतोय, इंजिन बिचारं ब्रेक लावलेली गाडी ओढत घाट चढतंय. एक सांगून ठेवतो, ११८ एनई या गाडीवर पण प्रीमियरचंच नाव आहे म्हणून तिच्या इंजिनाचे पार्ट कुणी देऊ केले तर घेऊ नका, तिचं इंजिन निसानचं ११७१ सीसी, आपलं फियाटचं १०८९, काही जुळत नाही. अख्खं इंजिनच दुसरं टाकायचा विचार असेल तर आधी आरटीओत जाऊन परवानगी आणि आरसीवर नोंद, नंतर काम.

यातलं काहीच सापडलं नाही तर शेवटी व्हॉल्व्ह. टॅक्सीचं हेड बसवलेलं असेल तर विशेष करून, सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप संपते आणि इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. गार असताना कॉम्प्रेशन बरोबर, गरम असताना एखाद्या सिलिंडरचं एकदम खाली. म्हणून मिस्त्रीला कॉम्प्रेशन तापलेल्या इंजिनवरच घ्यायला सांगा, चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून, आणि चार आकडे कागदावर लिहून घ्या. एक आकडा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर पहिल्यांदा टॅपेट मॅन्युअलमधल्या गॅपवर लावून परत मोजा, तरीही खालीच राहिला तर हेड उतरवायचं आणि सीट बघायच्या.